बसायचं कोळपं

माझ्या कोरेगावच्या वर्कशॉपला हसता ना? मग आटपाडीत काय झालं ते ऐका. तण काढायचं बैलाचं कोळपं मी बसून चालवता येईल असं केलं होतं. पहिलं गिऱ्हाईक मिळावं म्हणून तिथल्या एका शेतकऱ्याच्या, नानांच्या रानात नेलं. बांधावर पंधरा-वीस शेतकरी बघायला. नाना ऐटीत सीटवर बसले, बैल निघाले आणि दहा पावलांवर गपकन उभे राहिले. पुन्हा हाकले, पुन्हा थांबले.

"लय जड झालंय गड्या," बांधावरून एकजण म्हणाला. माझं तोंडच उतरलं.

"जड न्हाई रं," नाना म्हणाले. "तुमचं फोन वाजत्यात. माझा वाजला की मी औत थांबवून बोलत बसतो. आता कुणाचाबी वाजू दे, ही बैलं हुबी ऱ्हात्यात. बंद करा समदे!"

बांधावरच्या सगळ्यांनी फोन बंद केले. मग बैल असे सुटले की मी हरखूनच गेलो. पण रान संपलं तरी थांबेनात, कारण पुढं शेजाऱ्याचा हिरवागार मका! नाना कासरा ओढून दमले आणि मक्यात शिरता शिरता बोंबलले,

"आरं, कुणीतरी फोन लावा रं मला!"