फोटोतली डावी बाहुली

हॅलो?… हो, बोल ताई… नाही, बाबांचा फोटो अजून फ्रेमला दिला नाही. अगं, त्यांच्या डाव्या डोळ्याची बाहुली गोल नाहीये. खालून कुरतडल्यासारखी आहे. भिंगातून पाहिलं मी.

… फोटो खराब नाही गं. उजवी अगदी गोल आहे.

… हो, हो… आठवतं ना! डोळा लाल झाला की आई दुकानाची किल्ली लपवायची. ‘घड्याळांत डोकं खुपसून डोळे घालवा!’… आणि तू ती साखरेच्या डब्यातून काढून गुपचूप त्यांना द्यायचीस. चोंबडी कुठली!

… नाही, घड्याळांचा दोष नव्हता. डोळ्याला आतून सूज यायची. बुबुळ आतल्या आत चिकटतं, मग बाहुली अशी वाकडी होते… कशाने? अगं ऐक ना… आपल्या पोटात जंतू असतात, रोजचेच. शरीराचे पहारेकरी त्यांना ओळखायला शिकतात. डोळ्यातलं काहीतरी त्यांच्यासारखं दिसत असावं. मग घरच्याच माणसाला चोर समजून बडवतात… ‘असावं’च म्हणतेय मी. पक्कं कुणालाच माहीत नाही. डॉक्टरही ‘बहुधा’ म्हणाले.

… कुणाचे डॉक्टर?… थांब, सांगते.

बाबांनी काम करताना भिंग डाव्या डोळ्यावरून उजव्यावर नेलं होतं, आठवतं?… हो, आपण बाटलीचं झाकण डोळ्याला लावून नक्कल करायचो! ‘बाबा स्टाइल मारतायत’ म्हणायचीस तू… त्यांना डाव्याने दिसत नव्हतं, ताई. घड्याळांचं टेबल सोडावं लागेल म्हणून बोलले नाहीत.

… मला कसं कळलं? वर्षभर मीही डावा डोळा मिटूनच मायक्रोस्कोपमध्ये बघतेय.

… ओरडू नकोस… आहे, औषध आहे. इंजेक्शन. पण ते पहारेकऱ्यांनाच पेंगायला लावतं. मग जिवंत जंतूंच्या लॅबमध्ये जायचं नाही, म्हणाले… म्हणून तर मी टाळत होते. सव्वीस वर्षं झाली गं या लॅबमध्ये. सकाळी इनक्युबेटर उघडला की तो उबट वास, प्लेटवर रात्रीतून उगवलेले जंतूंचे ठिपके… हो, तुम्ही लॅब बघायला आलात तेव्हा तू नाक दाबून बाहेर पळालीस. बाबा मात्र वाकून बघत राहिले. ‘काय नेटकं काम आहे,’ म्हणाले… उजव्या डोळ्याने.

… नाही, रडत नाहीये… तू येऊ नकोस लगेच. म्हणजे, ये… सोमवारी ये. पहिलं इंजेक्शन आहे.

… हो, ठरलं. लॅब सोडतेय मी.