आधी काढायला शिक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या डॉक्टरबाई, त्यांचे यजमान, माझ्या सिस्टर मैत्रिणी, आणि पहिल्या रांगेत बसूनही मागच्या दाराकडे डोळे लावलेले माझे सहकारी! चहा येणार आहे, धीर धरा.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. ज्यांनी शहरातल्या निम्म्या घरांचा पाळणा लांबवला, आणि मागणाऱ्यांचा हलवलाही, त्या बाई दोन शब्दांत मावतील का?

कुटुंब नियोजनाच्या खोलीत मी नवी आले, तेव्हा वाटलं, आता तांबी बसवायला शिकवतील. बाई म्हणाल्या, "आधी काढायला शिक. ज्याला गाठ सोडवता येत नाही, त्यानं ती मारू नये." मग कितीतरी दिवस मी नुसती काढत होते. गर्भाशयातली तांबी काढ, दंडात कातडीखाली बसवतात ती औषधाची काडी काढ. घरी आमचे हे विचारायचे, "आज काय केलंस?" मी म्हणायची, "काढलं."

बाई टेबलावर सगळी साधनं मांडून ठेवायच्या. हातात घेऊन बघ म्हणायच्या. गोळी सुटसुटीत, पण रोज आठवायला हवी, आणि संसारात रोज काय काय आठवायचं हो? इंजेक्शन तीन महिन्यांचं, पण सोडल्यावर दिवस राहायला वेळ लागू शकतो. आजारांपासून वाचवतो तो एकटा कंडोम, फक्त तिथं नवऱ्याची मर्जी लागते. तांबी आणि काडी वर्षानुवर्षं चालतात, विसरायला काही उरत नाही, म्हणून फसतात सगळ्यांत कमी. एवढं सांगून झालं की बाई हटकून विचारायच्या, "तू काम काय करतेस?"

का विचारायच्या, ते मला एका बसवालीमुळे कळलं. शाळेची बस चालवायची. काडी बसवलेली, आणि मधूनच अंगावरून जायचं. आज जाईल की उद्या, पत्ता नाही. मुलांनी भरलेली बस रस्त्यात सोडून ही उतरणार कुठे? ती काडी काढायला आली. बाई तेव्हा रजेवर. इथं कुणीतरी समजूत घातली, "होतं असं सुरुवातीला, थांब जरा." होतंही तसं, खोटं नाही. पण ती पुन्हा आली, तर पुन्हा समजूतच. कुणी घातली, ते मी सांगणार नाही. साहेब, पाणी घ्या.

तिसऱ्यांदा आली ती दंडाला रुमाल बांधून. न्हाणीघरात ब्लेड घेऊन तिनं स्वतःच काढायचा प्रयत्न केला होता. रुमाल लाल झालेला, हात सुजलेला, आणि काडी आतच. बाई त्याच दिवशी कामावर रुजू झाल्या होत्या. मी दिवा धरला. बाई बोटांनी चाचपत होत्या, काडी लागेना. शेवटी एकदाची निघाली. बसवालीनं ती बघितली, "एवढीशीच होती होय?" म्हणाली, आणि ओक्साबोक्शी रडली. त्या दिवशी मला आमच्या रुग्णालयाची लाज वाटली.

जखम भरल्यावर ती परत आली. मला वाटलं, आता ही गोळ्याच नेणार. तिनं विचारलं, "तांबी बसवली, तर मागेन तेव्हा काढून द्याल?"

"मागशील तेव्हा," बाई म्हणाल्या. "पण पाळीला जास्त जाईल हं."

"जाऊ दे. कधी येणार ते तर कळेल! बसवा."

मंडळी, अख्ख्या शहरात आमच्याच खोलीत तांबीला एवढी मागणी का, असं पाहुण्यांनी मघाशी विचारलं. त्याचं उत्तर हे आहे. काढून मिळणार याची खात्री असली, की बायका निर्धास्त बसवून घेतात.

सूत्रसंचालकांची चिठ्ठी आलीय, "आवरा." आवरते.

उद्यापासून ती खोली माझ्याकडे आहे. आणि या सोमवारपासून साहेबांचा हुकूम आहे, त्यांच्या सहीशिवाय काही काढायचं नाही. काढलं की कुटुंब नियोजनाचे आकडे घसरतात म्हणे. आत्ता तळमजल्यावर एक बाई बसली आहे. तिला मूल हवंय, तांबी काढायचीय. दुपारपासून तिला सहीसाठी बसवून ठेवलंय, आणि सही करणारे इथं हार घेऊन बसलेत. साहेब, चारचौघांत विचारते, काढू ना?

बरं. साहेब पाहुण्यांशी बोलतायत.

तर, संयोजकांचे आभार, आपण शांतपणे ऐकलंत त्याबद्दल आपलेही आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेन, कुणाचं मन दुखावलं असेल, तर पोटात घाला. खाली जाऊन मी जे करणार आहे, त्याची मात्र माफी मागत नाही. चहाला थांबत नाही.

अहो, डॉक्टरबाई, तुम्ही कशाला उठताय? बसा. ती माझी पेशंट आहे.