दुकानाचं जपानी नाव

रेल्वेतून रिटायर झालेले अनंतराव रायपूरच्या महापालिकेत दुकान-परवान्याच्या रांगेत उभे होते. पुढच्या मायलेकी मराठीत बोलताहेत म्हटल्यावर त्यांचे कान आपोआप तिकडे गेले. लेकीच्या फॉर्मवर दुकानाच्या नावाची जागा तेवढी कोरी होती.

“आई, ‘कोमोरेबी’ लिहू? पानांतून येणारं ऊन.”

“बुटीकमंदी ऊन कायले? कपड्याचा रंग उडते.”

“मग ‘वाबी-साबी’. अपूर्णतेतलं सौंदर्य.”

“म्हणजे अर्धवट शिवलेलं? गिऱ्हाईक वापस करन ना.”

अनंतरावांनी खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं.

“जपानी स्टाइलचं बुटीक आहे, आई. मीनिंग डीप पाहिजे.”

“आपल्या बीरगांवच्या बायांले नाव घेता आलं पाहिजे. तीस वर्षं झाली, त्यायचेच ब्लाउज शिवून राहिली मी.”

“वो अपने टार्गेट कस्टमर नहीं हैं.”

“हव. तुह्यं फॅशन डिझायनिंग त्यायच्याच ब्लाउजांच्या पैशावर झालं.”

रांग दोन माणसं पुढे सरकली. मग लेकीनं हळूच विचारलं, “तुझंच नाव लिहू? कलावती?”

“ते कुठं जपानी वाटते?”

“जापानी लोग ‘ल’ को ‘र’ बोलते हैं. ‘कारावाती’ लिहिते.”

“अन् कोणी अर्थ विचारला तं?”

“सांगीन, जी बाई जन्मभर दुसऱ्यांचे ब्लाउज शिवते ती.”

आईनं फॉर्मवरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“तसंच सांग,” ती म्हणाली. “पण ब्लाउज नोको म्हणू. किमोनो म्हण.”