रुमालाखालची व्हिस्की

नाही, नाही, हात नको! राग मानू नका, पण मी आता माझा हात कुणाच्या हातात देत नाही. नमस्कार करा, लांबून करा, मीही करतो… हा असा. आणि कपाळाकडे बघू नका. बघितलंतच ना? सगळेच बघतात. टेंगूळ आहे. कशाचं? आयरिश व्हिस्कीचं! नाही हो, पिऊन पडलो नाही. पिऊन पडलो असतो तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. मी मार्क दिले! उभा जन्म विद्यापीठात मार्क दिले, नापास झालेल्या पोरानं कधी खडू फेकला नाही, आणि म्हातारपणी दोन बाटल्यांना मार्क दिले तर कांदा! अख्खा! लाल, टणक, मुठीएवढा, सालीसकट! माझं चुकत असेल, पण व्हिस्कीची परीक्षा कांद्यावर जायला नको होती.

तुम्हाला सांगतो, मी संख्याशास्त्राचा माणूस. पीएचडी. आमच्या शास्त्रात ठाम बोलणं म्हणजे गुन्हा. आमची सुनीती, म्हणजे माझी बायको, विचारते, "अहो, आमटीत मीठ बरोबर आहे का?" मी म्हणतो, "एका चमच्यावरून निष्कर्ष काढणं धाडसाचं होईल." मग ती सुस्कारा टाकते आणि स्वतः चाखते. लग्न झाल्यापासून आमच्या घरात मीठ असंच चाललंय.

तर आमची जाई, एकुलती एक, नोकरीला डब्लिनला, चौतिसाव्या वर्षी लग्नाला 'हो' म्हणाली. किती स्थळं आली, किती गेली, निम्मी तर मी "दोन्ही बाजूंचा विचार करू" म्हणालो म्हणून गेली, पण यावेळी तिनं स्वतःच शोधला. विश्वजित. मूळचा साताऱ्याकडचा, नोकरीला डब्लिनलाच. वडील धनाजीराव, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पोती उचलत उचलत व्यापारी झालेले, राहायला कोपरखैरण्याला. आम्ही सीवूड्सचे. बैठक त्यांच्या घरी ठरली आणि आम्ही निघतोय तोवर जाईचा फोन. "बाबा, हात जोडते. तिकडे कुणी काहीही विचारलं तरी 'छान' म्हणायचं. मत द्यायचं नाही. तुमच्या मतामुळे आई आणि मावशी चार वर्षं बोलत नव्हत्या. हे लग्न मोडलं ना, तर मी परत कुणाला हो म्हणणार नाही, सांगून ठेवते." माझं चुकत असेल, पण मावशीच्या साडीबद्दल मी फक्त दोन शक्यता मांडल्या होत्या!

गेलो. दार उघडलं तर घरभर सुक्क्या मटणाचा असा वास, असा वास, की चष्म्यावर वाफ धरली. धनाजीरावांच्या मंडळी, बाळाबाई, आतून ओरडल्या, "या या, बसा, झालंच!" गॅलरीत कांद्याचं पोतं, तोंड उघडं. तेव्हाच उठायला हवं होतं… पण शास्त्राला पुढचं दिसत नाही हो. सोफ्यावर धनाजीराव आणि शेजारी त्यांचे थोरले बंधू बाबासो, गावाहून आलेले, मिशा अशा, मनगट असं, आणि टीपॉयवर दोन आयरिश व्हिस्कीच्या बाटल्या. एक हिरवी, एक काळ्या लेबलाची. विश्वजितनं गणपतीला येताना हिरवी वडलांना आणली आणि काळी काकांना. आता लग्नात पाहुण्यांपुढे कुठली ठेवायची? साधा प्रश्न! साधा? त्या पोराला दहावीपर्यंत गावी बाबासोंनी सांभाळलेलं, धनाजीराव तेव्हा इथं पोती उचलत होते, म्हणजे बाप कोण? जन्म दिला तो की डबा दिला तो? हा सगळा वाद त्या दोन बाटल्यांत भरून, वर बूच लावून ठेवलेला. मला काय माहीत!

"व्याही, तुमी शिकलेलं," धनाजीराव म्हणाले, "चव बघा, पैसा वसूल व्हतोय का बघा, आन् दहातनं मार्क द्या."

मी म्हणालो, "आज ड्राय डे नाही ना?" आणि खिशातून परवाना काढला. आजीवन आहे, मी लॅमिनेट करून ठेवलाय. बाबासोंनी तो उलटा धरला, सुलटा धरला, म्हणाले, "आयला, प्यायलाबी सर्टिफिकेट! आमी तर बिनशिक्षनाचंच पीत आलो."

मी 'छान' म्हणणार होतो. शपथ! ओठांवर आलं होतं 'छान'. पण धनाजीराव म्हणाले, "तोंडानं न्हाई सांगायचं. तोंडानं सांगितलं की भांडान. मार्क रुमालाखाली." आणि खांद्यावरचा पंचा काढला. जुन्या बाजारातली रीत आहे ही, व्यापारी रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट दाबलं की एक, मूठ आवळली की पाच. बघणाऱ्याला फक्त फडकं दिसतं. आणि तुम्हाला सांगतो, माझ्यातला संख्याशास्त्रज्ञ पाघळला! गुप्त मूल्यमापन! याचं मत त्याला कळणार नाही! याच्यावर मी तीन शोधनिबंध लिहिलेत आणि इथं ते पंच्याखाली तयार! मी म्हटलं, "वा!" तिथं माझं मरण ठरलं.

चाखली. हिरवी आधी. मऊ हो, घशातून अशी उतरते की उतरली का नाही याचीच शंका, मागे थोडा मध, थोडं सुकं खोबरं. मग काळी. तिला मिऱ्याचा चटका, मनुका, आणि जुन्या सागवानी कपाटाचा वास. की तो मटणातला मसाला होता? ते खोबरं तरी व्हिस्कीतलं की वाटणातलं? पुन्हा चाखली. पुन्हा मटण! मग मी म्हटलं, सहा देऊ. दोघींना सहा सहा. कुणी रागावणार नाही. सहा म्हणजे एक मूठ आणि एक बोट. सोपं आहे.

पण माझा हात थरथरतो हो! आज नाही, वर्षं झाली. घाबरलो की जास्त. आणि धनाजीरावांचा पंजा म्हणजे पोती उचललेला पंजा, त्यात माझा हात म्हणजे उंदीर. मी एकदा मूठ आवळली, पाच. मग एक बोट दाबायला गेलो आणि भीतीनं अख्खी मूठच पुन्हा आवळली गेली. पाच आणि पाच! मला पत्ताही नाही! धनाजीरावांचा चेहरा उजळला. मग काळ्या बाटलीसाठी बाबासोंचा हात. तो तर त्याहून दणकट. पुन्हा तेच. बाबासोंचा चेहरा उजळला. मला वाटलं, काय खूश झाले दोघं सहा मार्कांत! समाधानी माणसं!

"झालं म्हना," बाबासो मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "साहेबांनी मला धाचं धा दिल्यात."

"तुला धा?" धनाजीराव हसले. "मला धा हायत."

"खोटं बोलाय लागलाईस."

"आईची आन!"

"आईची आन तू घिऊ नगंस लेका! आई शेवटपतूर माज्याकडं हुती!"

आणि फटकन आवाज आला. कुणी कुणाला मारली ते मला दिसलं नाही, मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बाबासोंच्या हातात धनाजीरावांची कॉलर होती, फक्त कॉलर, शर्ट वेगळा, आणि धनाजीरावांचं डोकं बाबासोंच्या पोटात, आणि दोघं मिळून टीपॉयवरून, टीपॉय मोडला, तिथून शोकेसवर, शोकेसची काच, काचेतला ताजमहाल, ताजमहाल फुटला! बाबासोंनी पाठीत गुद्दा घातला, असा आवाज की पोतं पडलं. धनाजीरावांनी हिरवी बाटली गळ्याशी धरून उगारली, मी म्हटलं संपलं, खून! तर ते थबकले, लेबल बघितलं, पोरानं आणलेली, म्हणून नीट फडताळात ठेवली, बूच तपासलं, आणि मग गॅलरीत जाऊन कांदा आणला! आणि सुरू! एक कांदा मिशीवर, एक भिंतीवर, एक पंख्यावर, पंख्यानं तो परत फेकला, पंख्याला बाजू कळत नाही, आणि तो थेट इथं… हे. बाबासोंच्या नाकातून रक्त, धनाजीरावांचा कान लालभडक, "चोरा!" "बापाचं नाव लावतोस व्हय!" "पोती वाहून माज आला का!" आणि प्रत्येक वाक्याला एक कांदा. बाळाबाई स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभ्या. "मारा! मारा एकमेकास्नी! पर माज्या पातेल्याला धक्का लागला तर दोघांचंबी तेरावं एकाच दिवशी घालीन!"

सुनीती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिनं मारामारीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "अहो, काय केलंत तुम्ही?" बघा! रक्त दुसऱ्याचं, कांदा तिसऱ्याचा, आणि आरोप माझ्यावर! माझं चुकत असेल, पण पुरावा काय होता तिच्याकडे?

मी जेवणाच्या टेबलाखाली गेलो. तिथं फोन वाजला. जाई! व्हिडिओ! "बाबा, कसं चाललंय?" मी म्हटलं, "छान." तेवढ्यात धनाजीराव घसरत टेबलाखाली आले, धापा टाकत, मला बघून म्हणाले, "व्याही, तुमी हितं? मला धाच दिलं नव्हं?" मी तोंड उघडणार तोवर बाबासोंनी त्यांना पाय धरून बाहेर ओढलं, आणि जाता जाता धनाजीराव फोनकडे बघून ओरडले, "सूनबाई, जेवलीस का?" फोनमधून जाईचा बारीक आवाज, "बाबा… तुम्ही मत दिलंत?"

काय सांगू तुम्हाला, तिचा तो आवाज ऐकला आणि माझं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर आलो, मोडलेल्या टीपॉयचा पाय घेतला आणि स्टीलच्या ताटावर मारला, ठण्ण! "थांबा! मी दहा कुणालाच दिले नाहीत! माझा हात थरथरतो! सहा द्यायचे होते! दोघांना!"

दोघं भाऊ एकमेकांच्या मानेवरचे हात न काढता माझ्याकडे वळले, आणि तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा त्यांचं एकमत झालेलं मला दिसलं.

"सहा?" बाबासो म्हणाले. "आमच्या पोराच्या बाटलीला सहा?"

"दोन्हीस्नी?" धनाजीराव म्हणाले. आणि दोघं मिळून माझ्याकडे यायला लागले.

मी मागे, ते पुढे, मागे भिंत. "मला चवच कळली नाही हो!" मी किंचाळलो. "मटणाच्या वासापुढे मला दुसरं काही कळलंच नाही! तुम्हाला तरी कळलं का? खरं सांगा!"

दोघं थांबले. बाबासोंनी रक्ताळलेल्या नाकानं हवा ओढली. "ते बाकी खरं हाय," म्हणाले. "म्या तर व्हिस्की निस्ती गिळली."

"मंग माज्या मटणाला किती मार्क?" झारा उंचावून बाळाबाई.

"दहा," मी म्हणालो. आणि हात थरथरला नाही हो! तो झारा होता म्हणूनही असेल.

मग काय, जेवलो. एकमेकांच्या जखमांना हळद लावून, गालावर बर्फ धरून, एकाच ताटात दोघं भाऊ! ठरलं की दोन्ही बाटल्या ठेवायच्या, शेजारी शेजारी, पण मटण आधी. सुनीतीनं निःश्वास सोडला. जाई फोनवर रडत होती की हसत होती, एवढ्याशा माहितीवरून सांगता येणार नाही. लग्न वाचलं! मी वाचवलं! मत देऊन!

आणि उठताना धनाजीराव गोड हसून म्हणाले, "व्याही, आता आमच्याकडनं वऱ्हाड किती आणायचं, तेवढा आकडा ठरवून टाकू. एक बोट म्हंजी शंभर. हं… द्या हात." आणि पंचा टाकला.

मला दोन बोटं दाबायची होती. फक्त दोन! आणि तुम्हाला सांगतो, या माणसाला तासाभरापूर्वी मी स्वतः ओरडून सांगितलं होतं की माझा हात थरथरतो. सगळ्या मजल्यानं ऐकलं होतं! तरी पंचा टाकला. माझं चुकत असेल, पण मला वाटतं, म्हणूनच टाकला.

हजार. दोन मुठी, एक हजार माणूस. जेवण मुलीकडचं.

तेव्हा तुम्ही सगळेच या लग्नाला, अगदी घरच्यांना घेऊन या, हजारात तुमचं काय ओझं! मटण बाळाबाईंचं आहे. व्हिस्की कशी आहे ते मला विचारू नका… छान आहे. आणि निघताना शुभेच्छा द्यायच्या तर तिथूनच द्या. हात नको!