दया लई, जागा न्हाई

...आन् वर मलाच म्हनत्यात, 'रेबेकाबाई, तुमचा भाऊ भोळा!' भोळा? अवो, भोळा असता तर परवडलं असतं! माझा शांतवन मोठ्या मानसाच्या शब्दाभायेर जात न्हाई, तिथंच घात झाला. तुमाला सांगते, फाळनी झाली, सिंधकडची मानसं सरकारनं आगगाडीनं आमच्या राहुरीला आनून उतरवली, त्यातली तीन शांतवनाच्या भाड्याच्या बैलगाडीत... टोपनदास, त्याची म्हातारी आई, आन् बायको लाजवंती. तिचे दिवस भरलेले! आज का उद्या असं पोट, आन् कँपवाला म्हनतो, 'कँप भरला, गावात कुठंतरी सोय लावा!' बाईमानूस अवघडलेलं, म्हनून मी बी चढले गाडीत. शांतवनाचं एकच म्हननं, 'आक्का, पोरीच्या डोक्यावर बाळंतपनाआधी छप्पर पायजे.' राज्य मागत हुता का तो?

गेलो गावातल्याच नृसिंह मास्तरांकडं. बारा खनांचं घर, नवराबायको दोघंच. मास्तर ओसरीवर पेपर घेऊन गोऱ्यांवर तापलेले! 'बघ शांतवन, लढाई संपून तीन वर्षं झाली, तिकडं युरोपात बेघर झालेली लाखो माणसं अजून छावण्यांत! एक देश म्हणतो जागा नाही, दुसरा म्हणतो खाणीत उतरणारे धडधाकट तेवढे पाठवा, म्हातारे नकोत! माणुसकी उरली का जगात?' शांतवनाला वाटलं, झालं आपलं काम! त्यानं गाडीकडं बोट केलं. मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पानी आलं... खरंच आलं, खोटं कशाला बोलू? 'अरेरे! पण आमच्याकडं जरा अडचण आहे... तू असं कर, कोल्हारला ने. प्रवरेचं पाणी, ऐसपैस गाव!' दया लई, जागा न्हाई!

तेवढ्यात मास्तरीनबाई, पुष्पावतीबाई, खन-नारळ घेऊन आल्या, लाजवंतीची ओटी भरली. आपल्यात सवाशीन घरातनं निघाली की ओटी भरत्यात, आमी ख्रिस्ती झालो तरी एवढं आमालाबी ठावं हाय. पन त्या बिचारीला कुठलं? तिच्या मुलखात म्हनं पोरगी आपलीशी केली की पदर भरत्यात! तिनं सासूला मिठीच मारली. 'अम्मा, इन्होंने रख लिया!' आन् उतरली की खाली, पोट सावरत, भांड्यांचं गाठोडं सोडलं, चुलीला दगड गोळा करायला लागली! आता सांगायचं कोनी? शांतवन बैलाच्या शेपटीकडं बघतोय, मास्तर पेपरात तोंड घालून... शेवटी मीच सांगितलं. तिचं तोंड बघवलं न्हाई मला.

कोल्हारात श्रीमंतराव बागाईतदार. त्यांनी टोपनदासाचे दंड चाचपले, घोडेगावच्या बाजारात खोंड बघावं तसे! 'ह्यो गडी ठेवतो, उसाला मानूस पायजेच हाय. बायका तेवढ्या फुडं न्या.' शांतवन मला हळूच म्हनतो, 'आक्का, मास्तरांच्या पेपरातला देश ह्योच का गं?' हसावं का रडावं? टोपनदास एकटा ऱ्हाईना, मग श्रीमंतरावबी हळहळले, 'घोडेगावला न्या, व्यापारी पेठ हाय!' आन् हितंबी बाया ओटी घेऊन हजर! ह्या खेपेला लाजवंती उतरलीच न्हाई. गाडीतनंच पदर पसरला आन् हुंदके द्यायला लागली. त्यांना वाटलं, पोरीला आपली माया लागली! दया लई, जागा न्हाई!

घोडेगावात बाजार भरलेला. बैलाला वैरन, म्हशीला सावली, शेळीला कोपरा... मानसाला? तिथला दलाल गोरक्षनाथ किती कळवळला म्हनून सांगू! 'आरं, ह्या लोकांना ठेसनाजवळ ठेवा, धंदा करतील. राहुरीला न्या की!' राहुरीला!! हितनंच निघालो हुतो ना आमी?

वाटंतच कळा सुरू झाल्या. शांतवन बैल हानतोय, देवाचा धावा करतोय, लहान पोरावानी रडतोय! कशीबशी राहुरी गाठली, आमच्या एकुलत्या एका खोलीत बाळंत झाली. पोरगी झाली, जगली. शांतवन म्हनला, 'ऱ्हावा आता हितंच.' लगेच मास्तर हार घेऊन आले. 'राहुरीनं जगाला दाखवून दिलं!' राहुरीनं, बरं का!

मग काय, ही कीर्ती कँपात गेली. दुसऱ्या आठवड्यात कँपवाल्यानं आनखी दोन कुटुंबं दारात उतरवली. मी भांडले, तर हात जोडून म्हनतो, 'बाई, बाकीच्यांकडं जागाच नाही हो. तुमच्याकडं एक खोली तरी आहे!'

आता तीन बिऱ्हाडं खोलीत, आन् आमी भाऊबहीन गाडीत निजतो. काल सकाळी गावात नवा तलाठी आला. त्यानं गाडीवरचं पाल उचललं, आमाला बघितलं, आन् बिचाऱ्याचे डोळे भरून आले. 'अरेरे! कुठल्या कँपातले तुम्ही? पुढच्या गावाला विचारा, इथं जागा नाही.'

शांतवनानं काय केलं म्हनता? मोठ्या मानसाचा शब्द तो! उठला आन् बैल जुपायला लागला.