उसन्या मशीनांचा कारखाना

आता मला सांगा, आपल्या शिलाई मशीनला कव्हर नाही हे पक्कं ठाऊक असताना सकाळी दार उघडल्यावर त्यावर हिरवं, फुलाफुलांचं कव्हर दिसलं, तर माणसानं दचकायचं की नाही? मी घाबरट नाहीये हो! पण कव्हर उचललं तर खालचं मशीनच आमचं नव्हतं! शेजारी आणखी एक... त्याच्या शेजारी आणखी एक... मोजली तर पाच! तुम्हाला सांगते, आमच्या एप्रनच्या कारखान्यात मशीनं दोन. कारखाना म्हणजे तरी काय, आत्याची बाहेरची खोली. चोर मशीन उचलून नेतात हे ऐकलंय, आणून ठेवतात हे ऐकलंय का कुणी?

"किंचाळू नकोस," आतून आत्या. "गल्लीतनं आणलीत. हॉटेलांना एप्रन पुरवणाऱ्या त्या मॅडम अकराला कारखाना बघायला यायच्यात ना, त्यांना मी पाच मशीनं सांगितलीत."

"अगं पण का?"

"दोन म्हटलं असतं तर आल्या असत्या का?"

घ्या! तीन वर्षं कॉलेजात 'भांडवल उभारणी'वर पानंच्या पानं लिहिली, पण 'शेजाऱ्यांकडून उचलून आणणे' हा प्रकार एकाही पुस्तकात नव्हता. आणि हसू नका, याच आत्यानं गेल्या महिन्यात अठरा वर्षांचं पॅकिंगचं काम सोडलंय, माझ्या भरवशावर! "तू शिकलेली, मी शिवणारी, काढू कारखाना!" पहिली मोठी ऑर्डर ही, दोनशे एप्रनची. ती हातची गेली की आत्याला परत कोण उभं करणार दारात? आणि मला तरी?

मी घाबरट नाहीये हो, पण साडेदहाला मशीनांमागोमाग त्यांचे मालकही हजर! कारण आमच्या गल्लीत मशीन उसनं मिळतं, पण दुसऱ्याच्या पायाखाली कुणी देत नाही. पडदेवाले काका म्हणाले, "माझं मशीन परक्या हाताला रुसतं, पोरी." म्हणून काका बसले पडदा शिवत, चपलांचे पट्टे शिवणाऱ्या मावशी बसल्या पट्टे शिवत, आणि छत्रीवाले दादा छत्री उघडून... भर खोलीत! सगळ्यांच्या पुढ्यात आपापलं काम, अन् एप्रन शिवतंय कोण? मी एकटी!

मॅडम आल्या. छत्रीसमोर थांबल्या. माझे पाय असे लटपटायला लागले, असे लटपटायला लागले, की खालचं मशीन आपसूक सुरू झालं आणि एप्रनला माझी ओढणी शिवली गेली! आता पळताही येईना.

"हे काय आहे?" मॅडम.

आत्या थंडपणे, "पाणी न लागणारा विभाग."

अहो, विभाग!

"आणि हे पट्टे?"

"मजबुती विभाग."

मॅडमनी पट्टा दोन्ही हातांनी ओढला. तुटेना. मग खुशीत आल्या, "अरे वा! सगळं एकाच ठिकाणी! मग दोनशे कशाला, दोन हजार एप्रन द्या. पंधरा दिवसांत."

गेल्यासुद्धा! त्यांच्यामागे काका गेले मशीन उचलून, मावशी गेल्या, छत्री मिटून दादा गेले. उरली दोन मशीनं, आत्या, आणि एप्रनला जोडलेली मी.

"आत्या, मेलो आपण! मॅडमना खरं काय ते सांगूया."

"सांग की, शिकलेली तू आहेस," म्हणत आत्यानं कापलेल्या कापडाचं गाठोडं काखोटीला मारलं. "मी तोवर गल्लीत वाटून येते. ज्याचं मशीन त्याच्या घरी, काम तेवढं आपलं. इथं आणून ठेवायचे कष्ट कशाला?"

म्हणजे छत्रीवाले दादा एप्रन शिवणार! उद्या बटण दाबल्यावर एखाद्या आचाऱ्याच्या अंगावर तो फट्‌कन उघडला म्हणजे?

मी घाबरट नाहीये हो, म्हणूनच लावला फोन. मनात वाक्य घोकलं: मॅडम, माफ करा, आमच्याकडे दोनच मशीनं आहेत. रिंग वाजतेय... उचलत नाहीत. पुन्हा लावला... नाही. आणि ओढणी उसवता उसवता पाहते तर खिडकीतून दिसतेय आत्या, गाठोडं निम्मं रिकामं, मावशींच्या दारात हसतेय, अठरा वर्षांत अशी हसलेली मी पाहिली नव्हती हो... पाचव्यांदा लावला. मॅडम, माफ करा, दोनच मशीनं... दोनच...

"हॅलो? बोला!"

"मॅडम... नाड्या काळ्या लावायच्या की पांढऱ्या?"