माफी पडली जावेच्या पदरात

(चष्म्याच्या दुकानामागची खोली. दुपारची सुट्टी. दोन जावा डबे उघडून बसल्या आहेत. थोरली काचा घासून फ्रेममध्ये बसवते, धाकटी बाहेरचं काउंटर सांभाळते.)

धाकटी — आणि तुम्ही ऐकून घेतलीत?

थोरली — मग काय करू? समोरचा माणूस हात जोडून माफी मागतोय. त्याला काय म्हणू, थांबा, आधी नाव-गाव विचारा?

धाकटी — पण जाऊबाई, ती माफी माझी होती!

थोरली — अगं, मला काय ठाऊक? तू गेलेलीस फ्रेमांचं पार्सल सोडवायला. मी तुझ्या जागेवर काउंटरला उभी. मॅनेजरनं केबिनच्या काचेवर टकटक केली. 'बाई, जरा आत या.' म्हटलं, चिरलेली काच कळली याला.

धाकटी — कुठली काच?

थोरली — चिरली एक, कडेला. घासताना हात जरा जड पडला. ते सोड. तर मी तोंड पाडून आत गेले. हा म्हणतो, 'बसा.' मला! त्या खुर्चीशी माझा आजवरचा संबंध धूळ पुसण्यापुरता. बसले आपली टोकावर. म्हणतो, 'झालं ते फार वाईट झालं.' मी म्हटलं, 'हो ना, पण ती मुळात कच्चीच होती.'

धाकटी — अगं बाई!

थोरली — तो म्हणाला, 'कोण कच्ची?' मी म्हटलं, 'काही नाही, आपण बोला.'

धाकटी — हसवू नका, मला ठसका लागेल. मी चिडलेली आहे.

थोरली — चीड की. चिडताना जेवू नये असं कुठं आहे? तर तो पुढं म्हणाला, 'त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर फ्रेम दाखवताना मी जे बोललो...' तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हे तुझं प्रकरण!

धाकटी — मग तिथल्या तिथं सांगायचं, मी ती नव्हे म्हणून.

थोरली — तोंड उघडलं होतं गं. पण त्यानं सगळं पाठ करून आणलेलं. शाळेत कविता म्हणणाऱ्या पोराला मध्ये थांबवलं तर त्याला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावं लागतं, तसा प्रकार. म्हटलं, होऊ दे याचं एकदाचं.

धाकटी — आणि तुमच्या तोंडाकडं त्यानं पाहिलंच नाही?

थोरली — टेबलाकडं पाहिलं. छताकडं पाहिलं. पेन उघडून मिटून पाहिलं. माझ्याकडं पाहायची पाळीच आली नाही.

धाकटी — तुम्ही माझ्या खांद्याला लागता. तुमचे केस निम्मे पांढरे. आणि डोळ्यांवर हा एवढा जाड भिंगांचा चष्मा!

थोरली — तेच म्हणते. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवणारा माणूस, आणि नेमका माझा चष्मा त्याला दिसला नाही.

धाकटी — 'तुमच्याकडचे सगळे सारखेच दिसतात.' येता-जाता म्हणतोच ना? मला वाटायचं टोमणा मारतो. त्याला खरंच दिसत नाही हो!

थोरली — दुकानाचा निळा कोट आणि सावळा हात. एवढं दिसलं की याची ओळख पूर्ण.

धाकटी — सावळा कशाला, काळा म्हणा. तो काळाच म्हणतो. त्या दिवशी तर भर दुकानात म्हणाला. गिऱ्हाईक गोरंपान, लिंबासारखं. मला हाक मारली, ती काळी जाड फ्रेम न विचारता माझ्या नाकावर ठेवली आणि म्हणतो, 'हिच्या तोंडावर फ्रेम कुठं संपते आणि बाई कुठं सुरू होते, कळतंय का? आता तुम्ही घालून बघा, कशी उठून दिसते.' आणि ते गिऱ्हाईक हसलं, जाऊबाई. वर ती फ्रेम घेतली पण.

थोरली — ऐकलं होतं मी. इथवर आलं होतं ऐकू.

धाकटी — तुम्ही तेव्हा काचा घासायचं मशीन चालू केलंत.

थोरली — केलं. पुढचं ऐकायचं नव्हतं म्हणून केलं. हे लोणचं घे, नुसतं काय खातेस? आणि मी काय म्हणते ते शांतपणे ऐक. तू तक्रार केलीस त्या कचेरीतल्या बाईंचा फोन येणार आहे ना तुला, सुट्टी संपल्यावर?

धाकटी — येणार आहे. माफी मागितली का, समाधान झालं का, विचारणार आहेत.

थोरली — मग हो म्हण आणि मिटव. मागितली की त्यानं. माणूस चुकला, माफी चुकली नाही.

धाकटी — वा! वाढदिवस माझा, केक तुम्ही खाल्लात, आणि ढेकर मी द्यायचा?

थोरली — अगं, एकाच खुंटीला दोन्ही पिशव्या टांगल्यात आपण. दोन्ही घरं या एका दुकानावर. खुंटी हलवताना जरा जपून, एवढंच म्हणते.

धाकटी — मी खुंटी उपटायला निघालेली नाही. मला बघून, मला म्हणून, एकदा नीट बोलावं त्यानं. नाहीतर मी फोनवर 'नाही' म्हणणार, आणि सोमवारपासून येणारही नाही. दुसरीकडं काम बघेन. फ्रेम अडकवायची खुंटी म्हणून नाही उभी राहणार मी.

थोरली — एवढं ठरवून बसलीस?

धाकटी — घरी सांगून आलेय.

थोरली — आणि मला नाही सांगितलंस.

धाकटी — तुम्ही 'पोटात घाल' म्हणाला असता.

थोरली — म्हणाले असते. माझ्या पोटात जागा जास्त आहे ना, मला वाटतं सगळ्यांचीच तशी असेल. पण एक सांगू? सकाळी त्या खुर्चीत बसून ऐकताना मला काही वाईट वाटलं नाही. गार वाटलं. तापलेल्या पाठीवर कुणी ओला पंचा टाकावा तसं.

धाकटी — तुम्हाला का गार वाटावं?

थोरली — तू यायच्या आधी त्या फ्रेमा कुणाच्या नाकावर चढायच्या, वाटतं तुला?

धाकटी — तुमच्या?

थोरली — मग कुणाच्या? काउंटरला मीच होते. 'हिच्यावर खुलली तर कुणावरही खुलेल,' हा त्याचा आवडता विनोद. मग मला जवळचं दिसेनासं झालं, चष्मा लागला. एका नाकावर दोन चष्मे कसे बसणार? सुटले! माझ्या वयाच्या बायका चष्मा लागला म्हणून हळहळतात, मी पेढे वाटायचे बाकी होते. आणि चष्मा लावून मी मागच्या खोलीत आले.

धाकटी — घरी कधी बोलला नाहीत ते.

थोरली — काय बोलायचं? तुझ्या भावजींना सांगितलं असतं तर ते इथं येऊन गरजले असते, आणि मग आपण घरी बसून त्यांचं गरजणं ऐकलं असतं. तर सकाळी म्हटलं, येतेय तर येऊ दे. पाकिटावर नाव दुसरीचं, पण आतला मजकूर माझाच होता.

धाकटी — जाऊबाई...

थोरली — डोळे पूस. आणि मी काही नुसती ऐकून नाही आले. तो म्हणाला, 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर.' मी म्हटलं, 'असेल तर नाही. वाटलं.' एवढंच बोलले. माझाच आवाज मला पाहुण्यासारखा वाटला.

मॅनेजर — (हातात काच घेऊन आत येत) अरे वा, दोघी इथंच! बरं झालं. बाई, ही काच कुणी चिरली? ट्रेमध्ये खाली दडवून ठेवलीय.

धाकटी — मला विचारताय?

मॅनेजर — मग कुणाला? काचा तुम्हीच घासता ना? किती वेळा सांगितलं, हात हलका ठेवा. तुमच्याकडच्या लोकांना सगळं जोर लावून करायची सवय. चिडू नका हं, मी मोकळा माणूस आहे, मनात काही ठेवत नाही.

थोरली — मनात ठेवलं असतं तर बरं झालं असतं हो. बाहेर तरी आलं नसतं.

मॅनेजर — तुम्ही मध्ये पडू नका बाई, आपलं सकाळी छान मिटलंय. मी या मागच्या बाईंशी बोलतोय.

थोरली — मागची मी.

मॅनेजर — अं?

थोरली — काच मी चिरली. घासते मी, चिरते मी, आणि दडवलीही मीच. ही काउंटरवरची.

मॅनेजर — छे, सकाळी काउंटरवर तुम्ही होता.

थोरली — तिच्या जागेवर. ती पार्सल आणायला गेली होती.

मॅनेजर — म्हणजे मी माफी...

थोरली — ती माझ्या पदरात पडली. आणि माझ्या काचेच्या शिव्या आत्ता हिच्या. एकही गोष्ट आपण योग्य घरी पोचवली नाहीत.

मॅनेजर — अहो, मग तुम्ही सकाळी बोलला का नाहीत?

थोरली — आपण एवढं मनापासून टेबलाशी बोलत होता, म्हटलं मध्ये कशाला पडू.

मॅनेजर — ते... कोट सारखेच आहेत ना तुमचे. आणि त्यात तुमच्याकडचे सगळे...

धाकटी — पूर्ण करा ना.

मॅनेजर — नको.

थोरली — हे आजचं पहिलं शहाणपण.

मॅनेजर — मला वाटायचं तुम्ही बहिणी आहात.

धाकटी — जावा आहोत. यांचं माहेर एका टोकाला, माझं दुसऱ्या. आमच्यात सारखं काय असेल तर सासू.

मॅनेजर — हे बघा, मी बसतो जरा. हे स्टूल मोडकं नाही ना? बरं. फोन आला का कचेरीतून?

धाकटी — यायचाय.

मॅनेजर — देवा. मग असं करू, सकाळची माफी रद्द धरू आणि नव्यानं...

थोरली — रद्द? ती मी परत देणार नाही.

मॅनेजर — पण ती तुमची नव्हतीच बाई. तुम्हाला मी काय बोललो?

थोरली — आठवून बघा. ही यायच्या आधी फ्रेम दाखवायला कुणाला बोलवायचात?

मॅनेजर — तेव्हा ना... तेव्हा त्या दुसऱ्या बाई होत्या. हसऱ्या होत्या. सोडून गेल्या बहुतेक.

थोरली — मीच ती.

मॅनेजर — तुम्ही? पण त्या तर गेल्या होत्या.

थोरली — गेले होते, पण या दारातून त्या दारात. मधे एक पडदा आहे फक्त.

मॅनेजर — तुम्ही हसायचात की तेव्हा.

थोरली — गिऱ्हाईक हसायचं, आपण हसायचात. मी एकटीनं रडून दुकानाची शोभा कशाला घालवू?

मॅनेजर — आता काय बोलावं, मला खरंच सुचत नाही.

धाकटी — बरंय. पाठ केलेलं नसेल तर चालेल मला.

मॅनेजर — त्या दिवशी मी जे...

धाकटी — डब्याकडं बघू नका. त्यात भाजी आहे. इकडं बघा.

मॅनेजर — बघतो. बघतोय. त्या दिवशी मी तुम्हाला न विचारता तुमच्या नाकावर फ्रेम ठेवली आणि तुमच्या रंगावरून बोललो. ते गिऱ्हाईक हसलं, तेव्हा मला बरं वाटलं, म्हटलं चला, खपली. तुमच्याकडं बघितलंच नाही. ते वाईट होतं. चुकलो मी. आणि... आत्ता काचेवरून बोललो तेही.

थोरली — ते मला.

मॅनेजर — ते यांना म्हणजे तुम्हाला. काच तुम्ही चिरलीत हे मात्र खरं हं.

थोरली — त्याबद्दल मी माफी मागते. बघा, योग्य माणसाची, एका फटक्यात.

धाकटी — मला एक सांगा, काउंटरवरचा आरसा खालच्या खणात का असतो?

मॅनेजर — लोक बोटं लावतात. डाग पडतात.

धाकटी — डाग मी पुसेन. तो वर काढा. ज्याला बघायचंय त्यानं स्वतःचं तोंड बघावं, माझ्या तोंडाशी ताडून नको. मी चष्मे विकते, आरशाचं काम मला नको.

मॅनेजर — आजच काढतो. सुट्टी संपायच्या आत काढतो.

थोरली — वाजतोय गं तुझा फोन. हात पूस आधी, तेल लागेल.

मॅनेजर — काय सांगणार तुम्ही?

धाकटी — जसं झालं तसं. तिखटमीठ लावणार नाही, आणि साखरही पेरणार नाही. हॅलो. हो, बोलतेय. तक्रार मीच केली होती. ... हो, मागितली. दोनदा मागितली. ... नाही, माझी एकदाच. पहिली त्यांनी दुसऱ्याच बाईंची मागितली. ... हो, चुकून. ... हसा की, आम्हीही हसलो. ... आत्ताची? आत्ताची बरी होती, माझ्याकडं बघून होती. एक आरसा वर यायचाय, तो आला की झालं. आणि पुन्हा असं काही बोलले तर मी पुन्हा फोन करणार, हेही लिहून ठेवा. ... सोमवारी? हो, येणार ना. ... त्या बाई? इथंच आहेत, माझ्या समोर. ... थांबा, देते. जाऊबाई, तुम्हाला मागतायत.

थोरली — मला? मला काय विचारायचंय त्यांना?

धाकटी — ते त्यांनाच विचारा. धरा.

थोरली — आण. हॅलो. ... नमस्कार, बाई. ... हो हो, सकाळी आत गेले होते ती मीच. ... नाही, नाही, चुकीची बाई नव्हते मी. तेच सांगते, ऐका.